अंकल एलायच्या सैल तारा

होनोका, हवाई
४ मार्च १९८४

कांचन,

हे पत्र फाडणार असशील तर पाकिटातली कॅसेट आधी काढून घे. राग माझ्यावर आहे, तिच्यावर नको.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला बसलो की मी भांडायलाच लागतो. तुझं वाचन हळू आहे म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलीस तर गाण्याच्या क्लासला वसुधामावशींना विचार, पण शेवटचं पान त्यांना दाखवू नकोस.

मी कॉलेज सोडलं ते केमिकल इंजिनिअरिंगला कंटाळून. दिवाळीच्या कार्यक्रमाशी त्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी शाळेच्या त्या जिममध्ये उकडत होतं, मी बाहेर गेलो, बस्स. तिथे न्यू जर्सीत मराठी मंडळातले लोक जे काय बोलत असतील ते बोलू देत.

इथे मॅकाडेमियाच्या बियांची फॅक्टरी आहे. सकाळी पट्ट्यावरच्या किडक्या बिया वेचतो. दुपारी अंकल एलायचा ट्रक चालवतो. एलायजा नाहुलू. इथे सगळ्या म्हाताऱ्यांना अंकल आणि आंटी म्हणतात, आपल्या काका-काकूंसारखं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझी जीभ अडली नाही. अंकलना साखरेचा आजार आहे, डोळे जवळजवळ गेलेत. आठवड्यातून दोनदा त्यांना हिलोच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. चाळीस मैल, तीन मोठ्या दऱ्या, आणि पूर्ण रस्ताभर ते मला गिअर बदलायला शिकवतात.

तू त्यांचं नाव ऐकलं नसशील. कुणीच ऐकलं नाहीये, या बेटाबाहेर. चौदाव्या वर्षी घोड्यावर बसून गुरं राखायला लागले, मग तीस वर्षं साखर कारखान्यात. रेकॉर्ड एकही काढली नाही. होनोलुलूचा एक कंपनीवाला दोनदा आला, दोन्ही वेळा त्याला जेवू घालून परत पाठवला. पण या किनाऱ्यावर असं पोर नसेल ज्याच्या पहिल्या वाढदिवसाला अंकल एलाय वाजवून गेले नाहीत. त्यांच्या पडवीखालच्या रस्त्यावरून जाणारी गाडी आवाज आला की थांबते. इंजिन बंद होतं. लोक उतरत नाहीत, नुसते काच खाली करून बसतात.

ते वाजवतात त्याला स्लॅक-की म्हणतात. नेहमीच्या गिटारच्या तारा सैल करून, दुसऱ्याच सुरांत लावून वाजवायची. प्रत्येक घराण्याची ती जुळणी वेगळी. अंकलची त्यांच्या आईकडून आलेली, जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. कांचन, ती मला सापडली. सहाच्या सहा तारा मी कानाने पकडल्या. पाच वर्षं तुझा तंबोरा लावलाय, त्याचं काहीतरी फळ मिळायलाच हवं होतं. कॅसेटच्या पहिल्या बाजूला ते तारा लावतायत आणि वाजवतायत. त्यांच्या परवानगीनेच रेकॉर्ड केलंय.

तुझ्या युनिव्हर्सिटीच्या रेडिओ स्टेशनवरच्या रविवारच्या कार्यक्रमात लाव. हे कुणी शोधून काढलं तेही सांग. त्र्यंबककाका रविवारी गाडी धुताना लेकीचा कार्यक्रम लावतात, मला माहीत आहे.

दुसऱ्या बाजूला मी बोललोय. ते एकटीने ऐक.

प्रसन्न


होनोका
२५ मार्च

कांचन,

तीन आठवडे झाले. पोस्ट ऑफिसातली बाई आता मला लांबून बघूनच मान हलवते.

तू ऐकली नाहीस, किंवा ऐकलीस आणि तुला आवडली नाही, किंवा ऐकलीस, आवडली आणि मला कळवायचं नाही. यातलं तिसरं असेल तर मी सहन करीन.

मागच्या पत्रात सांगायचं राहिलं. अंकल गिटार खाली ठेवताना प्रत्येक वेळी तारा उतरवतात. कॉफी घ्यायला उठले तरी. खुंट्या भराभर फिरवतात, तारा लोंबायला लागतात, मग गिटार भिंतीला टेकवतात. परत आले की पहिल्यापासून लावायला बसतात. मी आंटी रूथना, त्यांच्या बायकोला, विचारलं की हा काय खुळेपणा. त्या म्हणाल्या, लावलेली गिटार ठेवून जाणं म्हणजे घर उघडं टाकून जाणं. येणारा-जाणारा बोट फिरवून जुळणी घेऊन जाईल.

मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, आमच्याकडे म्हणतात विद्या दिल्याने वाढते. आणि म्हणताना मला वसुधामावशींचे गुरू, ते बुवा आठवले, जे मैफलीत चीज अर्धीच गायचे, अंतरा घरी पाठ करवून घ्यायचे, तोही दार लावून. तेव्हा वाद मी हरलोच होतो. पण मी हरलो असं म्हणालो नाही, तुला माहीत आहे मी कसा आहे.

अंकलना एकच मुलगी, मिली. चाळिशीची आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात टुरिस्टांसाठी वाजवते. ही जुळणी खरं तर तिच्याकडे जायची. इथे शिकवत नाहीत, ‘ये बस’ म्हणत नाहीत. म्हातारा वाजवतो, पोरगी बघते, एक दिवस तिच्या हातात येतं. पण अकरा वर्षांपूर्वी तिने हॉटेलची नोकरी धरली आणि अंकलनी तिच्यासमोर गिटार हातात घेणं बंद केलं. ती दर रविवारी येते, भांडी घासते, बापाच्या पायांना मलम लावते. तेवढा वेळ गिटार भिंतीला, तारा लोंबलेल्या. अंकलकडे आता किती दिवस आहेत हे सगळ्या होनोकाला माहीत आहे. पोस्टातली बाईसुद्धा माझ्या पत्राआधी विचारते, दिली का मिलीला?

नाही दिली.

हट्टी माणसं मला कळतात. मीही अजून तुला फोन केलेला नाही.

प्रसन्न


होनोका
१६ एप्रिल, सोमवार

कांचन,

शनिवारी मी एक गोष्ट केली. ती सांगतो, नंतर तुला काय वाटायचं ते वाटू दे.

इथे पोराचा पहिला वाढदिवस म्हणजे आपल्याकडचं लग्न. खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, तीनशे माणसं, माझ्यासाठी आंटी रूथनी वेगळी ठेवलेली रताळी. अंकल खुर्चीत बसून होते. दोन गाणी वाजवली आणि बोटं वळेनाशी झाली. सवयीने तारा उतरवल्या, गिटार मांडीवर आडवी ठेवली. लोक हळूच म्हणत होते, आणखी एक, अंकल, बाळासाठी. त्यांना जमणार नव्हतं. मिली समोर उभी होती, हातात ताटं घेऊन.

मला वाटलं, आता शिष्याने उठायचं असतं. आपल्याकडे गुरूचा आवाज बसला की मागचा शिष्य चीज उचलतो, आणि गुरू डोळे मिटून मान डोलावतो. मी हेच बघत मोठा झालोय. मी अंकलच्या मांडीवरून गिटार उचलली. सगळ्यांसमोर, एकेक खुंटी पिळत, त्यांच्या आईची जुळणी लावली. एकदाही चुकलो नाही. आणि वाजवायला लागलो.

चौथ्या ओळीपर्यंत सगळी ताटं खाली गेली होती. मला वाटलं ऐकतायत.

मग मी मान वर केली. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे मिलीकडे बघत होते.

अंकलनी हात पुढे केला. मी गिटार दिली. त्यांनी सहाही तारा उतरवल्या, एका हाताने, वेळ लागला, आणि म्हणाले, “घरी चल.”

ट्रकमध्ये त्यांनी एकदाही गिअरबद्दल सांगितलं नाही. दरी ओलांडल्यावर विचारलं, “आणखी कुणाकडे आहे?”

मी म्हणालो, “कुणाकडे नाही.”

ते म्हणाले, “बरं.”

घरी मिली आमच्या आधी पोचली होती. वडिलांना आत नेलं, मग बाहेर माझ्याकडे आली. ओरडेल असं वाटलं होतं, तयारी करून ठेवली होती मी. ती म्हणाली, “अकरा वर्षं मी भांडी घासली. तू किती महिने ट्रक चालवलास?”

आता ऐक. अंकलनी परवानगी दिली नव्हती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नंबर यायला वेळ असायचा, तेव्हा ते ट्रकमध्ये बसून वाजवायचे. मी त्यांना खोटंच सांगितलं होतं की मला काहीच वाजवता येत नाही. म्हणून माझ्यासमोर तारा लावायचे. टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर होता, उघडा. लपवलासुद्धा नव्हता. त्यांना दिसत नाही म्हणून.

कॅसेट लावू नकोस. कुणालाही ऐकवू नकोस. दोन्ही बाजू पुसून टाक. हे पत्र एक्स्प्रेसने टाकतोय.

प्रसन्न


होनोका
१७ एप्रिल

कांचन,

एक्स्प्रेस वेळेवर पोचेल याची खात्री पोस्टातली बाई देईना. म्हणून आज तुझ्या घरी फोन केला. त्र्यंबककाकांनी तुला किती सांगितलं असेल माहीत नाही, म्हणून मीच सगळं लिहितो.

पहिल्या दोन वेळा त्यांचा आवाज ऐकून मी फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोललो.

“प्रसन्न बोलतोय, काका. कांचन आहे का?”

“कोण प्रसन्न?”

“एकनाथरावांचा.”

“तंबोरा टाकून गेला तो?”

मी म्हणालो, “हो काका. तोच.”

मग म्हणाले, कांचन लायब्ररीत आहे, काय काम आहे. मी कॅसेटचं सांगितलं. ते म्हणाले, हो, आहे ना, गेले तीन आठवडे घरात तेच चालू आहे, जेवायच्या टेबलावरसुद्धा. मीही ऐकलं. चांगलं वाजवतो माणूस. कांचनने येत्या रविवारी अर्धा तास त्यालाच द्यायचं ठरवलंय. तुझं नावही लिहून ठेवलंय कागदावर, मी पाहिलं.

कांचन, मी फॅक्टरीतल्या फोनशी उभा होतो, मागे यंत्राचा खडखडाट. सहा महिने मी एवढ्याचसाठी जगत होतो की तू माझं नाव घेशील, तेही त्यांना ऐकू जाईल असं. आणि मला म्हणावं लागलं, काका, तिला सांगा, लावू नको म्हणावं. ती चोरीची आहे.

वाटलं, आता हाणतील. ते डॉक्टर माणूस, पेशंटला विचारावं तसं विचारलं, कुणाची चोरी, त्यांना कळलंय का, तब्येत कशी आहे त्यांची. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “कांचनला निरोप मी देईन. पण त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार? मी?”

म्हणून मी संध्याकाळी जाऊन अंकलना सांगितलं. की दुसरीकडे आहे, न्यू जर्सीला, एका मुलीकडे, आणि शनिवारी मी खोटं बोललो. ते पलंगावर होते. त्यांनी विचारलं, “मुलगी चांगली आहे?”

मी म्हणालो, हो.

ते म्हणाले, “मग तुझ्यापेक्षा बरं.” आणि भिंतीकडे वळले. उद्या त्यांना हिलोला भरती करतायत. ट्रक मिली चालवणार आहे.

आता ते, जे मी दुसऱ्या बाजूला बोललो होतो. तू ती बाजू पुसणार, म्हणून शाईने लिहितो. जिममध्ये उकडत नव्हतं. तुझ्या बाबांनी माइकवर सांगितलं की तुझ्यासाठी सांगून आलेला तो गिरीश कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून मुद्दाम तुझं गाणं ऐकायला आलाय, आणि तो पहिल्या रांगेत उठून हात जोडत होता, आणि तू हसलीस. मी तुझ्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला तंबोरा खाली ठेवला आणि निघून गेलो. तू तंबोऱ्याशिवाय पुढे गायलीस. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ते दारातून ऐकत होतो. तू एकदाही सूर सोडला नाहीस. मला वाटत होतं तू थांबशील.

तू थांबावीस असं मला वाटत होतं. हे खरं. माफ कर.

प्रसन्न


होनोका
१ मे

कांचन,

अंकल एलाय गेले. गेल्या गुरुवारी, हिलोला, दुपारी.

काकांनी मला फोन करून सांगितलं की रविवारी तू दुसरं काहीतरी लावलंस. त्यांनी स्वतःहून फोन केला. मी अंकलना ते सांगायला हॉस्पिटलात गेलो, मिलीने दारात अडवलं नाही. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

मिली नऊ दिवस त्यांच्याजवळ बसून होती. गिटार नेली होती. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी मागितली, छातीवर घेतली, पण बोटांत खुंटी पिळण्याएवढं बळ राहिलं नव्हतं. मिली म्हणाली, मी पिळते, तू सांग. त्यांना सांगता येईना. त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं, नुसतं लावलं होतं. आंटी रूथ म्हणतात, तिने एकेक तार वर घ्यायची, त्यांनी मान हलवायची, असं थोडा वेळ चाललं. मग त्यांना झोप लागली.

अंत्ययात्रेला किनारा बंद होता. साखर कारखान्याने पाळी रद्द केली. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत जो येईल तो कोणत्या वाढदिवसाला अंकल वाजवून गेले ते सांगत होता. गिटार कुणी वाजवली नाही. मी गाड्या लावून घेत होतो.

नंतर मी मिलीला म्हणालो, तुला हवं तर मी लावून देतो. एकदाच, तू बघ, मग मी आयुष्यात त्याला हात लावणार नाही. हे म्हणायला मला तीन दिवस लागले.

ती म्हणाली, “माझ्या बापाचं घर मी भाडेकरूकडून घेऊ?”

बरोबर आहे तिचं. म्हणजे आता ती जुळणी माझ्या डोक्यात आहे, जिथे ती असायला नको, आणि दुसरीकडे कुठेच नाही. तू कॅसेट पुसली असशीलच. बरं केलंस. मी विसरायचा प्रयत्न करतोय. विसरायला कसं बसतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

प्रसन्न


होनोका
२० मे

कांचन,

तुझं पार्सल मिळालं. म्हणजे मला नाही. वर लिहिलं होतं ‘मिली नाहुलू’, आणि खाली बारीक अक्षरात माझा पत्ता. पोस्टातली बाई मला देईना. मी मिलीला घेऊन गेलो.

मिलीने तुझी चिठ्ठी आधी स्वतः वाचली, मग मला वाचायला दिली. तू त्यात लिहिलं होतंस, “प्रसन्नने पुसायला सांगितलंय, पण पुसायच्या आधी मी हेडफोन लावून पुन्हा ऐकली. तारा लावताना ते मधे मधे बोलतायत, फार हळू. मला हवाईयन भाषा येत नाही. पण एक शब्द परत परत येतो, आणि तो प्रसन्नच्या पत्रातल्या नावासारखा वाटतो. ते तुमचंच नाव असेल तर ही कॅसेट माझी नाही आणि पुसायला सांगणं हे प्रसन्नचं काम नाही.”

मिली टेपरेकॉर्डर घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. आंटी रूथ आणि मी पायऱ्यांवर बसून राहिलो. पहिल्यांदा तारा, मग वाजवणं, मग परत पहिल्यापासून. मग रीवाइंडचा आवाज. मग फक्त तारा. पाच-सहा वेळा. दोन गाड्या खाली थांबल्या. इंजिनं बंद झाली. आंटी रूथनी त्यांना हाताने खूण केली, नंतर या.

दुसरी बाजूही तिने लावून बघितली. तिथे काही नव्हतं. कोरी. ते मला पोचलं, कांचन. पुसण्याआधी ऐकलंस का, हे मी विचारणार नाही. विचारायचं फार मनात आहे, तरी नाही.

दुपार उतरल्यावर मिली बाहेर आली. गिटार हातात होती. आईच्या शेजारी बसली आणि वाजवली. चुकली, थांबली, परत घेतलं. तीच जुळणी. माझ्याकडून नाही.

मग मी तिला विचारलं, ते काय म्हणतायत. तिने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, “तार वर घेताना म्हणतात, मिली, घाई नको. मग दुसरी. मग म्हणतात, ऐक, मिली, परत ऐक. शेवटी विचारतात, आलं का?”

म्हणजे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, आठवड्यातून दोनदा, ते तिलाच शिकवत होते. ती नसताना. समोर असली की जमत नव्हतं म्हणून.

आणि मी शेजारच्याच सीटवर होतो. हातभर अंतरावर, सगळा कान करून. चार वेळा त्यांनी तिचं नाव घेतलं. मला फक्त तारा ऐकू आल्या.

प्रसन्न